किक मारा, पण आधी कान लावा

सोमवारची सकाळ. घड्याळात पावणेनऊ. साडेनऊला हिंजवडीत मीटिंग, आणि मध्ये वाकडचा ट्रॅफिक नावाचा राक्षस. तुम्ही हेल्मेट चढवता, चावी फिरवता, स्टाइलमध्ये बटण दाबता आणि गाडी म्हणते, टक्.

पुन्हा दाबता. टक् टक्.

पुढचा सीन सगळ्या सोसायट्यांमध्ये सेम असतो. आधी बटणावर सलग वीस वेळा अंगठा. मग उगाचच अ‍ॅक्सिलरेटर पिळणं. मग गाडी गदागदा हलवून टाकीला कान. तेवढ्यात वॉचमन काका येतात. पाठोपाठ दुधाची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. ते लांबूनच निदान सांगतात, ‘प्लग काढून बघा!’ तुम्ही मान डोलावता, कारण प्लग नक्की कुठे असतो हे विचारायची लाज वाटते. शेवटी कॅबचं अ‍ॅप उघडता, तर तिथे सोमवारचा चढा भाव. दिवसाची वाट लागली, बॉस!

मंडळी, यात तुमचा दोष नाही. कोणत्याही कॉलेजात हा सब्जेक्ट नसतो. मास कॉमच्या दोन वर्षांत मला कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर शिकवलं, बातमीचा इंट्रो शिकवला, पण फ्यूज कुठे असतो हे कोणी सांगितलं नाही. ते मी शिकले ते वैतागून. मी मोटरसायकल चालवते. दीडशे सीसीची, सेकंडहँड. मुलगी मोटरसायकलवर दिसली की पुणेकरांना पहिला प्रश्न पडतो, ‘भावाची का?’ आणि गाडी बंद पडली की आसपासची समस्त पुरुषमंडळी एक सुरात म्हणते, ‘ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा.’ मग एक जण किक मारतो, दुसरा चोक ओढतो, तिसरा दोघांनाही चूक ठरवतो. मदत करायची वृत्ती शंभर टक्के, माहिती मात्र दहा टक्के!

तर एका शनिवारी मी नाना पेठ गाठली. टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सची पुण्यातली ही पंढरी. तिथल्या एका मेकॅनिक काकांना म्हटलं, दिवसभर बसू द्या, फक्त बघते. त्यांनी रंगाचा रिकामा डबा उलटा करून दिला आणि पहिला धडा दिला तो असा : हत्याराला नंतर हात लावायचा, आधी कान लावायचा. गाडी काय म्हणतेय ते ऐकायचं. आजचा सगळा फंडा एवढाच आहे.

हे शहरच गाड्यांचं!

आता गंमत बघा. ज्या शहरात आपण असे हतबल उभे असतो, त्या शहराचा टू-व्हीलरशी किती घरोबा आहे! आकुर्डीच्या बजाजने १९७२ मध्ये चेतक आणली. महाराणा प्रताप यांच्या घोड्याचं नाव मिळालेली ही स्कूटर बुक केली की लोक वर्षानुवर्षं थांबायचे. त्याच वर्षी किनेटिकची लुना आली, जी सायकलसारखं पेडल मारून सुरू व्हायची. १९८४ मध्ये किनेटिक आणि जपानच्या होंडाने हातमिळवणी केली आणि किनेटिक होंडा आली. गिअर नाहीत, किकची कटकट नाही, बटण दाबा आणि निघा. कितीतरी पुणेकर आयांनी आणि मावश्यांनी पहिल्यांदा हँडल हातात घेतलं ते या बटणाच्या भरवशावर. जगातही थोडंफार असंच झालं होतं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने बनवलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि हाताने हँडल फिरवून गाडी सुरू करायची मारामारी संपत गेली.

बटणाने सोय झाली यात वादच नाही. पण चेतकवाल्या पिढीला एक गोष्ट आपोआप यायची, ती आपल्याकडून सुटली. गाडी सुरू होईना, तर बाबा लोक ती स्कूटर अंगावर घेतल्यासारखी एका बाजूला कलती करायचे, मग सरळ करून किक मारायचे, आणि ती चक्क सुरू व्हायची! लहानपणी ही जादू वाटायची. खरं तर टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे सरकावं, हा त्यामागचा हिशेब. डिकीत एक जास्तीचा प्लग, प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा. त्यांना गाडी कळायची. आपल्याला फक्त ईएमआय कळतो.

तीन गोष्टी, बाकी सगळं तपशील

इंजिन म्हणजे रॉकेट सायन्स नाही. त्याला पेट्रोल लागतं, हवा लागते आणि योग्य वेळी एक ठिणगी लागते. आणि या सगळ्याला पहिला धक्का द्यायला सेल्फ किंवा किक. गाडी सुरू होत नाही याचा अर्थ या चारांपैकी कोणीतरी दांडी मारली आहे. दांडी कोणी मारली, हे ओळखायचं कसं? आवाजावरून.

पण त्याआधी दहा सेकंदांची हजेरी घ्या. किल स्विच, म्हणजे उजव्या हाताशी असलेला लाल खटका, चालू आहे का? पार्किंगमधली कार्टी पहिला हात तिथेच घालतात. काही गाड्यांत तो बंद असला की सेल्फ फिरतच नाही, काहींत सेल्फ मजेत फिरतो पण इंजिन पेटत नाही. गाडी न्यूट्रलला आहे का? नसेल तर क्लच दाबलाय का? साइड स्टँड वर घेतलाय का? आजकालच्या बऱ्याच गाड्या स्टँड खाली असताना गिअरमध्ये सुरू होत नाहीत. आणि टाकीत पेट्रोल आहे का? हसू नका, काट्यावर विश्वास ठेवून कात्रजच्या घाटात गाडी ढकलणारे कमी नाहीत. टाकीचं झाकण उघडा, गाडी हलवा, आत डुचमळतंय का ते ऐका. जुन्या गाडीत कॉक ‘ऑन’वर आहे का आणि रिझर्व्ह शिल्लक आहे का, तेही बघा.

हजेरी पूर्ण? आता ऐका.

आवाज पहिला : काहीच नाही

चावी फिरवली तरी मीटरवर दिवा नाही, हॉर्न नाही, स्मशानशांतता. म्हणजे वीजच पोचत नाहीये. इथे घाबरायचं काम नाही. बहुतेक वेळा फ्यूज उडालेला असतो किंवा बॅटरीच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला झालेला असतो. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांची कृपा! सीटखाली किंवा साइड पॅनेलच्या आत फ्यूजची छोटी डबी असते, आणि बऱ्याचदा जास्तीचा फ्यूजही तिथेच ठेवलेला असतो. जुना काढा, आतली तार तुटलेली दिसली तर नवा तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचा लावा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मात्र हट्ट सोडा, कुठेतरी वायर शॉर्ट होतेय. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी उंदीरमामांवर संशय घ्यावा. वायरचं आवरण त्यांना फार आवडतं.

आवाज दुसरा : टक् टक् टक्

ही बॅटरीची कण्हण्याची भाषा. दिवा लागतो पण मंद, हॉर्न वाजतो पण घसा बसल्यासारखा. रिलेला वीज मिळतेय, पण सेल्फची मोटर फिरवायला ती पुरत नाही. सगळ्यात मोठा गाढवपणा इथे होतो : बटण दाबत राहणं. उरलीसुरली वीजही त्यात जाते. नियम लक्षात ठेवा, सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांत दहा-पंधरा सेकंदांचा दम. गाडीला किक असेल तर लगेच किककडे वळा.

अशा बॅटऱ्या एका रात्रीत मरत नाहीत. २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला आणि गाड्या महिनोन्‌महिने पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या. पुन्हा ऑफिसला जायची वेळ आली, तेव्हा अख्ख्या शहरातून एकच सूर निघाला, टक् टक् टक्! आता वर्क फ्रॉम होम आणि दिवाळीची लांब सुट्टी तेच काम करतात. रोज फक्त कोपऱ्यावरच्या जिमपर्यंत गाडी नेणाऱ्यांचंही तेच. सुरू करताना जेवढी वीज खर्च होते, तेवढी भरून निघायच्या आत तुम्ही पोचलेले असता! आठवड्यातून एकदा वीस मिनिटांची नीट चक्कर मारा. महिनाभर गावी जाणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

आवाज तिसरा : गरगर फिरतं, पण पेटत नाही

सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत. आता संशय पेट्रोल किंवा ठिणगीवर. नाक वापरा. पेट्रोलचा भपकारा येतोय? तर इंजिनमध्ये पेट्रोल जास्त झालंय, इंजिन ‘फ्लड’ झालंय. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर चोक बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारा. वास अजिबात नाही? मग पेट्रोल पोचतच नसेल.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा सल्ला खरा ठरतो तो इथे. इंजिन गार असताना प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच नाही. काळाकुट्ट असेल तर हवा कमी पडतेय, एअर फिल्टर धुळीने भरला असणार. पॉलिश पेपरने घासून, पुसून परत लावला की अनेकदा काम होतं. फक्त आजोबांना एक प्रेमाने विचारा, ‘कुठला प्लग?’ कारण २००३ च्या पल्सर डीटीएस-आयपासून एकाच सिलिंडरला दोन प्लग आले आणि २०१२ च्या पल्सर २०० एनएसला तर तीन!

पावसाळ्यात प्लग काढायच्या आधी प्लगची टोपी बघा. तिच्यात पाणी शिरलं की ठिणगी भलतीकडेच पळते. टोपी ओढून काढा, कोरड्या कापडाने पुसा, घट्ट बसवा. जून ते सप्टेंबर या एका युक्तीवर निभावून जातं.

आवाज चौथा : सुरू होते आणि मरते

पेट्रोलचा कॉक बंद राहिला असेल तर कार्ब्युरेटरमध्ये साठलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, थोडं अंतर जाते आणि बरोब्बर सिग्नलला झोपते. कॉक उघडा असूनही हेच होतंय? टाकीचं झाकण एकदा उघडून परत लावा. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर चोर सापडला.

आणि फार दिवस उभ्या असलेल्या गाडीतलं पेट्रोल ताजं समजू नका. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली. इथेनॉल पाणी ओढून घेतं. त्यामुळे महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर, उघड्यावर भिजत ठेवू नये.

‘धक्का मार’चा गैरसमज

बॅटरी गेली की सेकंड गिअर, क्लच दाबा, पळवा, क्लच सोडा. हे सूत्र आपल्याला हॉस्टेलमध्ये शिकवलं जातं आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते मस्त लागू पडतं. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स नियम आले आणि बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. यांच्यात पेट्रोल आपोआप उतरत नाही. विजेवरचा पंप ते ढकलतो आणि किती सोडायचं ते छोटा कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी पूर्ण मेली असेल तर पंपही नाही, कॉम्प्युटरही नाही. मग चार मित्रांनी अख्खा सिंहगड रोड पळवली तरी घाम सुटण्यापलीकडे काही होत नाही. थोडी जान शिल्लक असेल तरच ढकलण्यात अर्थ.

अशा गाडीची चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद बारीक ‘झुंऽऽ’ ऐकू येतं, तो त्या पंपाचा आवाज. तो संपू द्या, मग बटण दाबा. कधीच ऐकू आला नाही तर मेकॅनिकला फोनवर हेच वाक्य सांगा, त्याचं अर्धं काम होईल. चालू गाडी आडवी पडली असेल तर आतला सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी उभी करून चावी एकदा बंद-चालू केली की बहुतेक गाड्या पुन्हा माणसात येतात.

प्रश्न फक्त उशिराचा नाही

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? फोन केला की माणूस येतो. येतो ना! माझ्या रूममेटकडेही आला होता. तिची गाडी टक् टक् करत होती. सर्व्हिसवाल्यांनी गाडी उचलून नेली, संध्याकाळी नवी बॅटरी, पिकअप चार्ज आणि ‘जनरल चेकअप’ मिळून साडेतीन हजारांचं बिल आलं. जुनी बॅटरी तिने हट्टाने परत मागितली. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी एक साधा मल्टिमीटर घेतला होता, एका पिझ्झापेक्षा स्वस्त. लावून बघितला तर साडेबारा व्होल्ट! बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साडेबाराच्या पुढेमागे असते तेव्हा साधारणपणे तिला फेकायची गरज नसते. तीच बॅटरी मी माझ्या गाडीला जोडली, आणि गाडी पहिल्या बटणात सुरू झाली. तिच्या गाडीत ढिला होता तो टर्मिनलचा स्क्रू.

तिच्यासाठी तो साडेतीन हजारांचा वैताग होता. आपल्याला रात्री साडेअकराला बिर्याणी आणून देणाऱ्या पोराचा विचार करा. त्याची गाडी सकाळी बंद, म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. म्हणूनच डिलिव्हरीवाल्या पोरांच्या सीटखाली प्लगपाना असतो आणि आपल्या सीटखाली जुनी पीयूसी.

आणखी एक प्रसंग, ज्यात अज्ञान सगळ्यात महाग पडतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा शेकडो गाड्या चिखलात गेल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचं पाणी एकतानगरीत शिरलं आणि पार्किंगच पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? चावी लावून ‘सुरू होते का’ बघतो. ते कधीच करू नका! इंजिनमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही. मग वाकतो तो आतला कनेक्टिंग रॉड. हजारभराच्या ऑइल बदलाचं काम पूर्ण इंजिन खोलण्यावर जातं, आणि बुडालेली गाडी सुरू करायला जाऊन झालेलं नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही. चावी लावू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टोचन करून न्या. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी आत गेलंय हे नक्की.

आणि कधी सोडून द्यायचं?

हे शिकायचं ते मेकॅनिकचं पोट मारायला नाही. पाच मिनिटांत दोन गोष्टी कळाव्यात म्हणून : हे माझ्याने होणार आहे का, आणि नसेल तर कोणाला काय सांगायचं. रात्री उशिरा सुनसान रस्त्यावर असाल, तर पाच मिनिटांचीही चैन करू नका. गाडी दिव्याखाली, पेट्रोल पंपावर किंवा उघड्या हॉटेलपाशी न्या, लॉक करा, घरी फोन करा. गाडी सकाळीही तिथेच दुरुस्त होते. मागून कोणी पायाने ढकलत न्यायला तयार झाला तरी ट्रॅफिकमध्ये ते टाळा. एक ब्रेक आणि दोघेही आडवे.

मुलींनो, तुमच्यासाठी एक खास टिप. ‘ताई, बाजूला व्हा’ ऐकू आलं की शांतपणे म्हणा, ‘दादा, सेल्फ फिरतोय, पेट्रोल येतंय, स्पार्क नाहीये. टॉर्च धरता का जरा?’ गर्दीचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि खरं सांगू, दादा टॉर्च धरतात. प्रेमाने धरतात.

तर या शनिवारचा होमवर्क. गाडी छान सुरू असतानाच तिची ओळख करून घ्या. मॅन्युअल प्लास्टिकमधून बाहेर काढा. फ्यूजची डबी शोधा, बॅटरी कुठे ते बघा, टूलकिट जागेवर आहे का तपासा. दोन फ्यूज, एक प्लग, पॉलिश पेपर आणि जुन्या टीशर्टचा तुकडा सीटखाली टाका. पंधरा मिनिटांचं काम आहे. नंतर मिसळ खायला तुम्ही मोकळे!